सुईच्या नेढ्यातील गोगलगाय

सुईच्या नेढ्यात एकाच वेळी दहा गोगलगायी मावतील, असे कोणी सांगितले तर ती थट्टाच वाटेल. परंतु दक्षिण चीनमधील ग्वांगशी प्रदेशात सापडलेल्या 'अँगुस्टोपिला डॉमिनिकी' या प्रजातीच्या शंखाची उंची अवघी ०.८६ मिलिमीटर आहे. हंगेरीचे संशोधक बार्ना पाल-गर्गेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. सर्वांत लहान भूचर गोगलगाय हा तिचा मान मात्र त्याच वर्षी बोर्निओतील सुमारे ०.७ मिलिमीटर उंचीच्या 'अक्मेला नाना'ने हिरावून घेतला. २०२२ मध्ये वर्णिलेली व्हिएतनाममधील 'अँगुस्टोपिला सॅमिऑन' तर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास भरते.

इतका सूक्ष्म जीव रानात नुसत्या डोळ्यांनी शोधणे कठीणच. त्यामुळे चुनखडीच्या कड्यांच्या पायथ्याची माती पिशव्यांत भरून आणली जाते आणि पाण्यात ढवळली जाते. आत हवा कोंडलेले रिकामे शंख वर तरंगतात. ते गाळून, वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली एकेक वेचायचे. तांदूळ निवडण्यासारखेच हे काम; फक्त येथे खडेच हवे असतात! मग शंखाची वळणे, पृष्ठभागावरील रेषा, मुखातील दातांसारखे उंचवटे यांची ज्ञात प्रजातींशी तुलना होते. वेगळेपण पटले की शास्त्रीय नाव दिले जाते आणि मूळ नमुना संग्रहालयात जपला जातो. ग्वांगशीच्या गोगलगायीचे वर्णनही केवळ शंखावरूनच झाले. जिवंत प्राणी संशोधकांना दिसलाच नव्हता.

विक्रमांचे कौतुक ठीक. खरा प्रश्न टेकड्यांचा आहे. शंख घडवण्यासाठी कॅल्शियम लागते आणि ते चुनखडीत मुबलक असते. सभोवतालच्या आम्लधर्मी मातीत अशी टेकडी बेटासारखी एकाकी असल्याने काही प्रजाती एकाच टेकडीवर आढळतात. पण सिमेंटलाही हीच चुनखडी लागते. मलेशियातील 'प्लेक्टोस्टोमा सायाफिलम' ज्या एकमेव टेकडीवर राहत होती, ती खाणकामात पूर्ण नष्ट झाली. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने ती प्रजाती नामशेष ठरवली.

त्याच वर्षी मलेशियातीलच गुनुंग कांथान टेकडीवरील एका नव्या गोगलगायीला 'चारोपा लाफार्जेई' हे नाव मिळाले. टेकडी खोदणाऱ्या लाफार्ज या सिमेंट कंपनीवरूनच ते ठेवलेले होते. २०१९ मध्ये मलेशियातील त्या कंपनीची मालकी बदलली, नावही बदलले. गोगलगायीचे नाव मात्र तेच राहिले.