हक्क कोणाच्या स्वाधीन?

जुन्या मराठी पुस्तकाचे दुसरे पान उघडले, की मुद्रक-प्रकाशकांच्या नावांखाली एक ओळ हमखास आढळते : 'सर्व हक्क स्वाधीन.' मराठी शिकवण्यात माझी वीस वर्षे गेली. पण हे हक्क कसले आणि ते कोणाच्या स्वाधीन, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. त्याचा धडा मला दिला माझ्या भाच्याने, आणि तोही एखाद्या ग्रंथावरून नव्हे, तर मोबाइलवरच्या एका चिमुकल्या खेळावरून!

व्हिडिओ गेम म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे बंदुका आणि उधळलेल्या मोटारी येतात. पण असे खेळ एकेकट्याने, घरच्या घरी करणारी मंडळीही आज पुष्कळ आहेत. माझा भाचा त्यांतलाच. नाशिकला दिवसा नोकरी करतो आणि रात्री जागून खेळ रचतो. त्याच्या खेळात वरून अक्षरे पडतात, काना-मात्रा-वेलांट्या पडतात; त्या जुळवून कोड्यात दडलेला शब्द पुरा करायचा. दीड वर्ष तो ह्यापायी खपला. चित्रे एका मित्राने काढली, बासरी दुसऱ्याने वाजवली. कोड्यांची पाळी आली, तेव्हा स्वारी माझ्याकडे आली. "मावशी, एवढी मराठीची प्राध्यापक तू! दोनशे शब्दांना दोनशे कोडी लिहून दे की!" मे महिन्याच्या सुट्टीत मी ती लिहून दिली.

खेळ बाहेर पडला. लोकांना आवडला. चार पैसे येऊ लागले. आणि चार महिन्यांनी एका रविवारी भाचा दारात उभा राहिला तो चेहरा पाडूनच. "हे बघ," म्हणून त्याने मोबाइल पुढे केला. नाव निराळे, रंग निराळा. पण अक्षरे तशीच पडत होती. शिवाय हा खेळ फुकट होता, आणि मधून मधून जाहिराती! मी दोन-चार कोडी सोडवली आणि चमकलेच. कोडी माझीच होती, शब्दन् शब्द माझा! आकाशकंदिलाचे कोडे पाहिले आणि मी कपाळाला हात लावला : 'दिपावलीत दारी झुलतो, पोटात उजेड घेऊन.' दिवाळीतला 'दि' ऱ्हस्व आणि दीपावलीतला 'दी' दीर्घ, हे मी वर्षानुवर्षे वर्गात घसा फोडून सांगत आले. आणि माझ्याच हातून ही चूक झालेली! त्या उचलेगिराने ती चूकसुद्धा इमानेइतबारे उतरवून घेतली होती.

आम्ही दोघे ओळखीच्या एका वृद्ध वकिलांकडे गेलो. भाच्याने तावातावाने सांगितले, "अक्षरे पाडून शब्द जुळवायची कल्पना माझी आहे. ती ह्यांनी चोरली." वकीलसाहेब शांतपणे म्हणाले, "कल्पना कोणाचीच नसते."

मग त्यांनी एक जुना खटला सांगितला. आर. जी. आनंद ह्या नाटककाराने 'हम हिंदुस्तानी' हे नाटक लिहिले होते. १९५६ साली 'न्यू दिल्ली' हा बोलपट आला, तेव्हा आपले नाटकच उचलले असे त्यांना वाटले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि १९७८ साली निकाल लागला तो नाटककाराच्या विरुद्ध! न्यायालयाने म्हटले, की कल्पना, विषय, कथासूत्र ह्यांवर कोणाचा कॉपीराइट नसतो. कॉपीराइट असतो तो ती कल्पना ज्या रूपात मांडली, त्या मांडणीवर.

हे ऐकून भाच्याचा चेहरा आणखी उतरला. पण थोडा विचार केला तर ह्यात न्यायच आहे. सारीपाटाचे, नवकंकरीचे नियम जर कोणा एकाच्या मालकीचे असते, तर आपल्या आज्या-पणज्यांनी वाड्याच्या पायरीवर कोळशाने पट आखला असता काय? नियम सर्वांचे आहेत म्हणून तर खेळ एका घरातून दुसऱ्या घरात जातो.

मात्र ह्या न्यायाची धार लहान माणसाला फार लागते. परदेशातले एक उदाहरण भाच्यानेच मला सांगितले. आशर वोल्मर आणि ग्रेग वोलवेंड ह्या दोघा अमेरिकन तरुणांनी संगीतकार जिमी हिन्सन ह्यांच्या साथीने 'थ्रीज' नावाचा आकड्यांचा खेळ रचला. चार बाय चार घरांचा पट. आकडे सरकवायचे आणि एकमेकांत मिळवायचे. दिसायला इतका सोपा, पण त्याची घडी बसवायला त्यांना १४ महिने लागले. २०१४ च्या फेब्रुवारीत तो विक्रीला आला. काही आठवड्यांतच '१०२४' नावाचा त्याच्याच वळणाचा खेळ फुकट निघाला. आणि मार्चमध्ये गाब्रिएले चिरुली ह्या एकोणीस वर्षांच्या इटालियन मुलाने शनिवार-रविवारात '२०४८' तयार केला. तो जगभर पसरला. पुढे पुढे तर मूळ खेळालाच लोक '२०४८ ची नक्कल' म्हणू लागले! चिरुलीने काही लपवले नव्हते. '१०२४' आणि 'थ्रीज' ह्या दोहोंची नावे त्याने आपल्या खेळाच्या पानावर दिली होती. पैशाचाही त्याला मोह नव्हता. कायद्याने पाहिले तर त्याच्याकडे बोट दाखवणे कठीण. 'थ्रीज'च्या कर्त्यांनी एवढेच केले, की आपला १४ महिन्यांचा पत्रव्यवहार लोकांपुढे मांडला आणि ह्या साधेपणासाठी किती वेळा पुसून लिहावे लागले ते दाखवले.

पण नक्कल करणाऱ्याला सारेच रान मोकळे असते असे नाही. १९८४ साली मॉस्कोत अलेक्सी पाजितनोव ह्यांनी 'टेट्रिस' रचला. त्यातले वरून पडणारे चौकोनी तुकडे माझ्यासारखीलाही ठाऊक आहेत. त्याच्यासारखाच 'मिनो' नावाचा खेळ अमेरिकेत एका लहान कंपनीने काढला. 'आम्ही फक्त नियम घेतले, आणि नियम सर्वांचे असतात,' असा तिचा बचाव. २०१२ साली न्यू जर्सीच्या न्यायालयाने तो मानला नाही. नियम घ्या, पण तुकड्यांचे रूप, पटाची १० बाय २० घरांची मापे, मांडणीची ठेवण हे सगळे जसेच्या तसे का घेतले, असा न्यायालयाचा रोख होता. म्हणजे तत्त्व तेच : विचार सर्वांचा, मांडणी ज्याची त्याची.

"मग आमची मांडणी कोणती?" मी विचारले. वकीलसाहेबांना माझी ऱ्हस्व 'दिपावली' फारच आवडली. "बाई, ही चूक म्हणजे तुमचा मुद्देमाल! दोन माणसांना एकच कल्पना सुचेल. पण दोन माणसे एकाच कोड्यात एकच चूक कशी करतील? कोडी म्हणजे वाङ्मय. संगणकाचा प्रोग्रामसुद्धा १९८४ च्या दुरुस्तीपासून आपल्या कायद्यात वाङ्मयातच मोडतो. नोंदणी केली तर पुराव्याला बळ येते. पण लिहिल्या क्षणापासून हक्क तुमचाच."

आम्ही उठणार, एवढ्यात त्यांनी चष्मा पुसत विचारले, "चित्रे कोणाची?"

"मित्राची," भाचा म्हणाला.

"कागद केला आहे?"

"मित्र आहे हो तो!"

"तुमचा पगारी नोकर नाही ना? मग चित्रे त्याची. हक्क द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. त्यात मुदत लिहिली नाही तर कायदा पाचच वर्षे धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. तुमचा खेळ तर जगभर जातो! बरे, बासरीवरची धून कोणाची?"

भाच्याने माझ्याकडे पाहिले. मी जमिनीकडे पाहिले. ती धून एका जुन्या भावगीताची होती, आणि ती मीच सुचवली होती. "घरोघर ऐकलेली चाल, ती सर्वांचीच की!" हे माझेच शब्द होते. वकीलसाहेब म्हणाले, "संगीतकार वारल्यावर ६० वर्षेपर्यंत चालीचा हक्क शिल्लक असतो. तुमच्या संगीतकारांना जाऊन अजून ४० सुद्धा झाली नाहीत. तक्रारीत 'ह्या खेळातले सर्व काही आमचे आहे' असे लिहून खाली सही करणार काय?"

परत येताना रिक्षात दोघेही गप्प होतो. चोर, चोर म्हणून ओरडत निघालेली मी. माझ्याच पदरात परक्याची वस्तू निघाली. दुष्टपणाने नव्हे, केवळ आवडली म्हणून घेतलेली. पण ज्याने माझी कोडी घेतली, त्यालाही ती आवडलीच असतील!

पुढच्या महिन्याभरात भाच्याने तीन कामे केली. ती धून काढून टाकली आणि बासरीवाल्या मित्राकडून स्वतःची नवी चाल बसवून घेतली. दोन्ही मित्रांना मोबदला ठरवून दिला आणि मुदत व प्रदेश लिहून रीतसर कागद केले. मलाही एक कागद पाठवला. मावशीकडून सही घ्यायला तो लाजत होता. मी त्याला रागावून ती केली. त्यानंतरच आम्ही तक्रार पाठवली, आणि ती फक्त कोडी आणि चित्रे ह्यांच्यापुरती. काही दिवसांनी तो खेळ दुकानातून उतरला.

पुढे तो पुन्हा आला आहे. कोडी नवी, चित्रे नवी. अक्षरे मात्र तशीच पडतात. त्याबद्दल आम्हाला काही म्हणता येत नाही, आणि खरे सांगायचे तर म्हणूही नये. त्याची कोडी मी सोडवून पाहिली. बरी आहेत, पण चार ठिकाणी शुद्धलेखन चुकले आहे.

भाच्याचे म्हणणे, 'दिपावली' तशीच ऱ्हस्व राहू द्यावी. तीच आपली सही. मी ऐकले नाही. नव्या आवृत्तीत ती मी दीर्घ करून घेतली. जुनी प्रत मात्र, तारखेसकट, कपाटात जपून ठेवली आहे.