विश्लेषण : अमेरिकेत मंत्रीपदाच्या वाटेत थकलेला कर का आडवा येतो?

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांनी नाव जाहीर केले म्हणजे मंत्रीपद मिळाले असे नाही. सिनेटची मंजुरी लागते आणि त्याआधी उमेदवाराच्या आर्थिक व्यवहारांची छाननी होते. २००९ मध्ये बराक ओबामा सत्तेवर येताच या छाननीने त्यांची चांगलीच अडचण केली.

कोण अडकले?

अर्थमंत्रीपदाचे उमेदवार टिमोथी गाइटनर यांनी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत असताना २००१ ते २००४ या काळातला सुमारे ३४ हजार डॉलरचा स्वयंरोजगार कर भरला नव्हता. आरोग्यमंत्रीपदाचे उमेदवार टॉम डॅशल यांनी फुकट मिळालेली गाडी व चालक उत्पन्नात दाखवले नव्हते. या व इतर बाबींपोटी त्यांना व्याजासह सुमारे १ लाख ४० हजार डॉलर भरावे लागले. प्रशासकीय कामगिरीवर देखरेखीसाठी निवडलेल्या नॅन्सी किलफर यांच्या घरावर २००५ मध्ये बोजा चढला होता. घरकामगारासाठीचा बेरोजगारी कर थकला होता आणि बोजाची रक्कम होती अवघी ९४६.६९ डॉलर!

पुढे काय झाले?

गाइटनर यांना २६ जानेवारीला ६० विरुद्ध ३४ मतांनी मंजुरी मिळाली. तेव्हा देश आर्थिक संकटात होता. किलफर आणि डॅशल यांनी मात्र ३ फेब्रुवारीला एकाच दिवशी माघार घेतली. ओबामांनी चित्रवाणी मुलाखतींत चूक कबूल केली. बड्यांना एक नियम आणि सामान्यांना दुसरा, असा संदेश जायला नको, अशी त्यांची भूमिका होती.

मग पारदर्शकता कुठवर?

१९७८ च्या कायद्यानुसार वरिष्ठ पदांच्या उमेदवारांना उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जे जाहीर करावी लागतात. पण कर पूर्ण भरला की नाही, हे त्यातून कळत नाही. करविवरणपत्रे कायद्याने गोपनीय असतात. अर्थ आणि आरोग्य या खात्यांच्या उमेदवारांची विवरणपत्रे सिनेटची वित्त समिती मागवते, म्हणून ही प्रकरणे उजेडात आली.

यातून काय दिसते?

गाइटनर यांच्या २००३ व २००४ च्या विवरणपत्रांतली चूक करविभागाने २००६ मध्येच पकडली होती. आधीच्या दोन वर्षांची वसुली मुदतबाह्य झाली होती. तो कर त्यांनी भरला, तो मंत्रीपदासाठी छाननी सुरू झाल्यावर. त्यांच्या हाती येणाऱ्या खात्याच्या अखत्यारीत हाच करविभाग होता. पदासाठी नाव पुढे आले नसते, तर ही थकबाकी जनतेला कळलीही नसती.