एका अक्षरासाठी सगळं पुन्हा का वाचायचं?

प्रश्न

संगणकशास्त्रात ‘भाषा’ म्हणजे ठरावीक नियमात बसणाऱ्या अक्षरमालांचा संच. एखादी माला त्यात बसते का, हे तपासणं जुनंच काम. पण कोड लिहिताना अक्षरं सतत बदलत असतात. दहा लाखांतलं एक बदललं म्हणून पहिल्यापासून वाचत बसणं ही निव्वळ नासाडी आहे.

तुकड्याचा तक्ता

तीनने भाग जाणाऱ्या द्विमान संख्या घेऊ. १०११०१०० म्हणजे १८०, भाग जातो. डावीकडून वाचताना फक्त बाकी सांभाळायची: जुन्या बाकीची दुप्पट, अधिक नवा अंक, त्याला तीनने भागून जे उरेल ते. म्हणजे असं वाचणाऱ्या यंत्राच्या अवस्था तीनच.

आता मालेचा प्रत्येक तुकडा हा एक तक्ता समजा: कोणत्या बाकीने आत शिरलं की कोणत्या बाकीने बाहेर पडायचं. १०११ हा तुकडा बाकीत २ वाढवतो, ०१०० हा १. मिळून ३, म्हणजेच शून्य. तिसरा अंक १ चा ० करा. पहिला तुकडा १००१ झाला. तो बाकी तशीच ठेवतो. दुसऱ्या तुकड्याला हातही न लावता उत्तर आलं: बाकी १. संख्या आता १४८ आहे, ताळा करून पाहा.

असे तक्ते जोडीजोडीने जोडत वर गेलं की झाड तयार होतं. दहा लाख अक्षरांना पातळ्या साधारण वीस. एका बदलाला तेवढेच तक्ते नवे करावे लागतात.

अनेक प्रोसेसर असतील तर

प्रोसेसर कितीही असले तरी झाडाच्या या वीस पातळ्या, म्हणजे वीस पायऱ्या, एकामागून एकच चढाव्या लागतात. म्हणून झाड बुटकं आणि पसरट करायचं. प्रत्येक गाठीला पुष्कळ मुलं, आणि मुलांच्या प्रत्येक सलग गटाचा तक्ता आधीच तयार. एक मूल बदललं की डावीकडचा तयार तक्ता, मधला नवा आणि उजवीकडचा तयार, असे तीन जोडायचे; सगळ्या गटांसाठी एकाच वेळी. माला कितीही लांब असो, पायऱ्या ठरलेल्याच. मला यातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

किंमत

सुशांत पटनायक आणि नील इमरमन यांनी १९९४ मध्ये बदलानंतरचं उत्तर स्थिर समांतर वेळेत ताजं ठेवण्याच्या विचाराची चौकट मांडली. पण एवढे तक्ते एकाच वेळी करायचे तर काम वाढतं. वेळ स्थिर ठेवून सगळ्या प्रोसेसरांचं मिळून एकूण काम किती कमी करता येईल, हा प्रश्न श्मिट, श्वेंटिक, टांटाऊ, फोर्टमायर आणि त्सॉयमे यांनी २०२१ मध्ये हाती घेतला. नियमित भाषांसाठी, म्हणजे वरच्यासारख्या मोजक्या अवस्थांच्या यंत्राने ओळखता येणाऱ्या भाषांसाठी, ते काम मालेच्या लांबीच्या हव्या तितक्या लहान घातापर्यंत उतरवता येतं. संदर्भमुक्त, म्हणजे एकात एक बसणारी रचनाही मांडू शकणाऱ्या नियमांच्या, भाषांचे बदलही स्थिर समांतर वेळेत सांभाळता येतात, पण तिथे काम कितीतरी जास्त पडतं.