क्लास लावण्याआधी एक तास नुसतं बघा

"कराटे लावू की क्राव मागा?" हा नेहमीचा प्रश्न. माझं म्हणणं, नावावर जाऊ नका. एक तास क्लास बघा आणि एवढंच तपासा: समोरचा खरोखर विरोध करतो का?

जोडीदार मनगट पुढे करून निवांत उभा असेल, तर कुठलाही डाव बसतो. रस्त्यावर कोण असं थांबतं? जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये ज्युडो सुरू केला, तेव्हा रांदोरीवर भर दिला. रांदोरी म्हणजे दोघांनीही जोर लावून केलेला सराव. आपल्या तालमीत पैलवान मातीत झटतात, तसाच.

आता रोजची भांडणं. पार्किंग, गाडीला लागलेला धक्का. इथे चांगला मास्तर आधी शिकवतो ते अंतर ठेवणं, आवाज खाली आणणं आणि "जाऊ द्या दादा" म्हणून निघणं.

कायदाही तेच सांगतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 37 नुसार बचावापुरतंच बळ वापरता येतं. तो पाठ फिरवून निघाला आणि तुम्ही मारलंत, तर आरोपी तुम्ही. म्हणून आधी बाजूला व्हा, मग 112 लावा.