आधी धावायचं, मग निस्तरायचं

विमानतळाची वाहतूक किंवा युद्धसराव संगणकावर उभा करायचा, तर घटनांचा क्रम चुकून चालत नाही. काम शेकडो प्रोसेसरांत वाटलं की पंचाईत होते: कुणी कुणासाठी किती थांबायचं? मणी चंडी आणि जयदेव मिश्रा यांनी १९७९ साली दिलेलं उत्तर सबुरीचं होतं. दुसऱ्या प्रोसेसरकडून आधीच्या वेळेच्या घटनेचा निरोप आता येणार नाही, याची खात्री पटेपर्यंत जागचं हलायचं नाही. चूक होत नाही, पण प्रोसेसर ताटकळतात.

डेव्हिड जेफरसन यांच्या ‘टाइम वॉर्प’ने हे उलटं केलं. त्यांचा १९८५ चा निबंध सांगतो, हाती आलेला निरोप उरकून पुढे चला. धाडस सोपं, खरं कसब निस्तरण्यात आहे.

समजा, एका प्रोसेसरचं घड्याळ ५० वर आहे, ६० वेळेचा निरोप त्याने शेजाऱ्याला धाडलाय, आणि आता ४२ चा निरोप उगवला. तो ४२ पूर्वीची जपून ठेवलेली स्थिती परत आणतो आणि धाडलेल्या निरोपामागे ‘प्रतिनिरोप’ सोडतो: मजकूर तोच, चिन्ह उलटं. रांगेत गाठ पडली की दोन्ही नाहीसे होतात. शेजाऱ्याने निरोप आधीच वापरला असेल, तर तोही मागे फिरतो. प्रतिनिरोपच आधी पोचला, तर जोडीदार येईपर्यंत दबा धरून बसतो. वर कुणी पंच नाही, तरी हिशेब चोख! या रचनेतलं मला हेच सर्वांत देखणं वाटतं.

छापलेला कागद मात्र परत घेता येत नाही. म्हणून सगळी घड्याळं आणि वाटेतले निरोप यांतली सर्वांत मागची वेळ अधूनमधून काढतात. तिच्याही मागे कुणी जाणार नाही, म्हणून तिथवरचे निकाल पक्के आणि जपलेल्या स्थितींच्या जुन्या प्रती पुसायला मोकळ्या.

या प्रती काढण्यातच वेळ जातो. रिचर्ड फुजिमोटो आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये त्यासाठी खास चिपची रचना मांडली. पुढे वेगळीच युक्ती निघाली: प्रत ठेवायचीच नाही, गणित उलटं चालवायचं. पाच मिळवले होते, आता वजा करा. २०१३ मध्ये लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या ‘सेक्वोया’ महासंगणकावर १९,६६,०८० कोअर वापरून याच वाटेने सेकंदाला ५०,४०० कोटी घटनांचा वेग गाठला गेला; त्या चमूत जेफरसनही होते.

तो आकडा ‘फोल्ड’ या चाचणीचा, जिथे काम सगळ्यांना सारखं वाटलेलं असतं. खऱ्या रहदारीत एखादाच प्रोसेसर रखडतो, बाकीचे पुढे धावतात आणि वारंवार मागे ढकलले जातात. तिथे कामाची वाटणी नीट जमली, तरच ही धावाधाव परवडते.