भाव पाडून मागण्याआधी

रावेरहून सरहद्द ओलांडून बुऱ्हाणपुरात जमीन पाहावयास गेलेल्या गृहस्थाला, इंदूर-इच्छापूर मार्गालगतच्या केळीच्या बागेत उभे राहून मालकाने सांगितलेला एकरी भाव ऐकताच, बहुधा प्रथम हेच सुचते की निम्म्याने मागावे आणि घासाघीस करीत मध्यावर यावे. परंतु ज्या जमिनीवर उद्या वसाहत उठावयाची, तिच्या बाबतीत ही भाजीबाजाराची रीत फारशी कामास येत नाही.

अशा जमिनीचे मोल, तिच्यातून शेवटी विकावयाच्या भूखंडांपासून उलट मोजीत काढावे लागते. समजा, जमीन दोन एकर, म्हणजे 87,120 चौरस फूट आहे, आणि रस्ते, गटारे, उद्यान व राखीव जागा यांत 45 टक्के गेले. विकावयास सुमारे 48,000 चौरस फूट उरले, आणि फुटामागे 800 रुपये येतील असे धरले तर जमा होते 3 कोटी 84 लाख. तीतून विकासकामांचे 1 कोटी 30 लाख, व्याज, मुद्रांक व दलाली मिळून 60 लाख, आणि जोखमीच्या मोबदल्यात नफा 70 लाख वजा केला, म्हणजे जमिनीच्या वाट्यास एकरी 62 लाख येतात. मालक 90 लाख सांगत असता 60 लाखांची मागणी करणे हा काही उद्दामपणा नव्हे; मात्र हा हिशेब कागदावर मांडून त्याच्यापुढे ठेवण्याची तयारी नसेल तर ती करूच नये, कारण सबब न सांगता भाव पाडणाऱ्यास पिढीजात जमिनीचा धनी पुन्हा ओसरीवर बसू देईल, असे मला वाटत नाही.

शिवाय भाव पाडण्यातली किफायत सरकारदरबारी अर्धी विरून जाते. आपल्याकडील रेडी रेकनरच्या जागी तेथे कलेक्टर गाइडलाइन आहे. सौदा तिच्याखाली झाला तरी मुद्रांक शुल्क तिच्याच दराने भरावे लागते, आणि तफावत दहा टक्क्यांहून अधिक असली, तर जमीन भांडवली मिळकत म्हणून घेणाऱ्याच्या उत्पन्नात ती धरली जाऊ शकते.

दप्तर पाहणे हे त्याहून महत्त्वाचे. सातबाऱ्याऐवजी तेथे खसरा आणि बी-1 मागावा लागतो. मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, 1959 अन्वये आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीस विकावयास जिल्हाधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, आणि अधिसूचित क्षेत्रात तर असा व्यवहार निषिद्धच आहे. अशी जमीन मातीमोलाने मिळत असली, तरी ती स्वस्त नव्हे.

आणि लालबागच्या बाजूस जमीन असेल तर पायाखाली काय आहे तेही पाहावे. अब्दुर्रहीम खानखानानच्या कारकीर्दीत, 1615 च्या सुमारास, सातपुड्यातून झिरपणारे पाणी भुयारांत धरून, ओळीने खोदलेल्या शंभरावर कुंड्यांतून केवळ उताराच्या बळावर ते शहरास पोहोचविण्याची जी तजवीज झाली, तो कुंडी भंडारा आजही तेथे आहे, आणि 2024 मध्ये तो युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत दाखल झाला. त्या ओळीलगत कूपनलिका पाडणे किंवा खोल पाया खणणे शक्य आहे की नाही, याचा निकाल लागेपर्यंत वरच्या हिशेबातला एकही आकडा भरवशाचा नाही, आणि माझ्या मते भाव पाडून मागण्याचे याहून न्याय्य कारण नाही.

एक तोडगा व्यवहारी माणसे बोलून दाखवितात. भाव थोडा खाली ठेवावा, पण बयाणा लगेच द्यावा, बाकी रक्कम अभिन्यास मंजूर झाल्यावर द्यावी, आणि उभे केळीचे पीक व त्यामागची पिलबाग मालकानेच काढून न्यावी असे करारात लिहावे. कारण केळीस लागणारे वर्ष-सव्वा वर्ष परवानग्यांच्या फेऱ्यांत खरीददाराचेही जातेच.