शेतावरील सांधकाम आणि बॅटरीचें यंत्र

ज्यांची गांवीं शेतीवाडी आहे अशा आमच्या वाचकांस एक अडचण चांगली परिचित असेल. ट्रॉलीचा दांडा किंवा मळ्याचें फाटक मोडावयाचें तें नेमकें घरापासून दूर, जेथें विजेची तार पोंचलेली नाहीं अशा ठिकाणीं! अशा प्रसंगीं उपयोगी पडणारीं, बॅटरीवर चालणारीं वेल्डिंगचीं यंत्रें आतां बाजारांत मिळतात. तीं स्वस्त नसतात. म्हणून घरांतील कर्त्या मंडळींनीं खरेदीपूर्वीं थोडा हिशेब करावा, एवढ्याचसाठीं हा लेख.

ही कल्पना मुळांत जुनीच आहे. रशियन साम्राज्यांतील निकोलाय बेनार्दोस या संशोधकानें १८८० नंतरच्या दशकांत विजेच्या ज्योतीनें लोखंड सांधण्याची पद्धति बसविली, तींत वीज बॅटऱ्यांचीच होती. त्या शिशाच्या बॅटऱ्या फार जड असत. हलक्या लिथियम बॅटऱ्या निघाल्यावर तीच युक्ति हातांत उचलून नेण्याजोगी झाली.

विक्रेता प्रथम अँपिअरचा आंकडा सांगतो. परंतु अँपिअर म्हणजे नळाची धार. टांकींत पाणी किती, हें वॅट-तासांवरून कळतें. अडीच मिलिमीटरचा रॉड सुमारें ८० अँपिअर व २३ व्होल्ट घेतो आणि मिनिटभरांत संपतो. म्हणजे एका रॉडास सुमारें ३१ वॅट-तास लागतात. यंत्रांत वायां जाणारी वीज धरून ४० म्हणावे. ४०० वॅट-तासांच्या बॅटरींत असे दहा रॉड जळतील. ३.१५ मिलिमीटरच्या रॉडास सुमारें ७० वॅट-तास लागतात. तेव्हां तेच रॉड पांच किंवा सहाच.

आतां ट्रॉलीच्या जाड दांड्यास असे दहा रॉड लागणार असतील, तर ही बॅटरी काम अर्ध्यावर सोडील. मोडकी ट्रॉली निदान जागीं उभी राहते. अर्धवट सांधलेली ट्रॉली उंसानें भरून रस्त्यावर निघाली, म्हणजे मागून येणाऱ्याच्या जिवावर बेतते.

म्हणून गेल्या वर्षांतील दुरुस्त्या आठवाव्या, मोठ्यांत मोठ्या कामाचे रॉड मोजावे, आणि त्यांत चतुर्थांश भर घालून बॅटरी निवडावी. बॅटरी काढून दुसरी बसवितां येत असेल तर उत्तम. दिवसाकाठीं पंचवीसतीस रॉडांचें काम नेहमींच पडत असेल, तर पेट्रोलचें जनित्र व साधें इन्व्हर्टर यंत्र हाच मार्ग बरा. फाटकाच्या बिजागरीसारख्या किरकोळ कामास मात्र बॅटरीइतकी सोय दुसरी नाहीं.

लिथियम बॅटरीस उष्णता सोसत नाहीं. वैशाखाच्या उन्हांत ती गाडींत ठेवूं नये, आणि काम संपल्यावर निवूं देऊन मगच भरावयास लावावी. खर्च वांचविण्याकरितां ट्रकच्या बॅटऱ्या एकास एक जोडून वेल्डिंग करण्याचा मोह कोणास होतो. त्यांतून निघणारा हायड्रोजन वायु ठिणगीनें भडकतो, हें विसरूं नये. यंत्र लहान असलें तरी ज्योत तीच. काळ्या कांचेवांचून तिच्याकडे पाहूं नये, मुलांस दूर ठेवावें, सभोंवारचें वाळलें गवत काढावें व पाण्याची बादली जवळ असावी.

शेवटीं एक सूचना : दुकानांत पूर्ण भरलेल्या बॅटरीवर आपल्याच जाडीचे रॉड जाळून दाखविण्यास सांगावें, आणि ते स्वतः मोजावे.